गेटवरचा फ्लेक्स आणि गोव्याचा समुद्र

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षाच्या शुभारंभाला, २६ जानेवारी २०२५ रोजी ध्वजवंदनानंतर पटांगणात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे, बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "गोव्याच्या स्पर्धेवर पंधरा-वीस मिनिटं बोला, पोरांना प्रेरणा मिळेल." प्रेरणा देणं मला जमेल असं वाटत नाही. मी खतं-बियाण्यांचं दुकान चालवणारा माणूस. पण जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. त्यात थोडी गंमत आहे, बरीचशी फजिती आहे आणि इथं बसलेल्या पुष्कळ जणांचा त्यात हात आहे. काहींना तर आपला हात होता हे आजच कळेल.

पहिल्यांदा एक चूक दुरुस्त करतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या गेटवर एक फ्लेक्स लागला होता. आठ बाय सहाचा. त्यावर माझा गॉगल लावलेला फोटो आणि मोठ्या अक्षरांत 'आयर्नमॅन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्यात दोन चुका होत्या. एक म्हणजे पूर्ण आयर्नमॅन स्पर्धा २२६ किलोमीटरची असते. मी गेलो होतो ती तिच्या निम्मी, ११३ किलोमीटरची. म्हणजे म्हणायचंच झालं तर निम्मा आयर्नमॅन. आणि दुसरी चूक अशी की फ्लेक्स लागला शनिवारी संध्याकाळी आणि स्पर्धा होती रविवारी सकाळी.

ट्रायथलॉन म्हणजे काय ते लहान मुलांसाठी सांगतो. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं. एकापाठोपाठ एक, मध्ये थांबायचं नाही. कपडे बदलायचा वेळसुद्धा तुमच्याच घड्याळात धरतात. आयर्नमॅनची सुरुवात १९७८ साली हवाईतल्या एका बेटावर झाली. तिथं जॉन कॉलिन्स नावाचे अमेरिकन नौदलातले अधिकारी होते. पोहणारा जास्त दमदार, सायकलवाला की पळणारा, असा आपल्या पारावर चालतो तसला वाद तिथं चालला होता. कॉलिन्स म्हणाले, बेटावरच्या तिन्ही मोठ्या शर्यती एकाच दिवशी लावू, जो पहिला येईल तो आयर्नमॅन. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. पुढं २००० साली सिडनीला ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. त्याच वर्षी आपल्या सोसायटीची नोंदणी झाली, म्हणजे दोघांचंही वय सारखंच.

आपल्या देशात हे वेड बऱ्यापैकी मराठी माणसांनी पसरवलं. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी अशा कितीतरी पूर्ण स्पर्धा केल्या आणि कितीतरी जणांना शिकवलं. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केली तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. आणि २० ऑक्टोबर २०१९ ला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची स्पर्धा पहिल्यांदा झाली. तेव्हापासून आपल्याकडच्या माणसाला विमानाचं तिकीट काढायची गरज उरली नाही. गाडीत सायकल टाकायची आणि कोल्हापूरमार्गे गोवा गाठायचा.

अंतरं ऐका. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, त्याला एक तास दहा मिनिटं. ९० किलोमीटर सायकल, ती सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत संपवायची. मग २१.१ किलोमीटर पळायचं आणि सगळं मिळून साडेआठ तासांत आटपायचं. एका जरी ठिकाणी वेळ चुकली, तरी तिथंच तुमची स्पर्धा संपते.

आपल्या जिल्ह्याला खेळ नवा नाही. गोळेश्वरच्या खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून ब्राँझ आणलं. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. ते खेळाडू. मी हौशी. चाळिशीत रक्तातली साखर वाढली, डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून चालायला लागलो. चालता चालता पळायला लागलो. सातारा हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून उतरलो तेव्हा वाटलं, आपल्याला जमतंय की. मग सेकंडहँड रेसिंग सायकल घेतली. त्रिपुटीची खिंड, पुसेगावचा रस्ता, पहाटे साडेचारला निघायचं, आठला दुकान. ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांच्या मागं जीव मुठीत धरून. पळणं झालं, सायकल झाली. पोहण्याची तर मला काळजीच नव्हती, कारण मी विहिरीत शिकलेला.

इथंच माझी चूक झाली. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणांना काकांनी नाहीतर थोरल्या भावानं पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं. चार दिवसांत डबा सुटला की आपण पट्टीचे पोहणारे. मळ्यातल्या विहिरीत मी अर्धा अर्धा तास पोहायचो. पण विहिरीचा पोहणारा खरं म्हणजे पोहतो किती? आमची विहीर चाळीस फुटांची, म्हणजे बारा मीटर. आठ-दहा हात मारले की कठडा. कठड्याला हात लावायचा, श्वास घ्यायचा, वळायचं. १.९ किलोमीटर म्हणजे अशा एकशे अठ्ठावन्न येरझाऱ्या. त्यातल्या प्रत्येक येरझारीला मला दगडाचा आधार होता. तो आधार आहे हेच माझ्या लक्षात नव्हतं.

८ ऑक्टोबर २०२३. पितृपंधरवडा चालू होता. आई म्हणाली होती, "पितरांच्या दिवसांत कुठं समुद्रात उतरतोस?" मी हसण्यावारी नेलं. पहाटे मिरामारच्या वाळूवर उभा राहिलो. घोट्याला वेळ मोजायची चिप, डोक्याला रंगीत टोपी. थोड्या थोड्या माणसांना पाण्यात सोडतात आणि ज्याचं त्याचं घड्याळ तो पट्टी ओलांडेल तेव्हा सुरू होतं. माझा नंबर आला, मी उतरलो.

दोनशे मीटरवर गेलो असेन. तिथं मांडवी समुद्राला मिळते, पाणी गढूळ. खाली बघितलं तर आपला हातसुद्धा दिसेना. वर बघावं तर लाट तोंडावर. आणि कठडा नाही. डावीकडं नाही, उजवीकडं नाही, पुढं नाही. छातीत धडधड सुरू झाली. श्वास आत जाईना, नुसता वरच्या वर. मंडळी, मी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मला दुकान आठवलं नाही, फ्लेक्स आठवला नाही. पोरगी आठवली. तिला त्या महिन्यात सहामाही होती आणि आदल्या आठवड्यात ती गणितातलं काहीतरी विचारत होती, तर मी म्हणालो होतो, "गोव्याहून आल्यावर बघू."

पाण्यात मदतीला छोट्या होड्या असतात. तुम्ही होडीला धरून दम घेऊ शकता, नियमात बसतं, फक्त होडीनं तुम्हाला पुढं न्यायचं नाही. मी होडी धरली. होडीतला पोरगा कोकणीत म्हणाला की घाई करू नका. तीन-चार मिनिटांनी पुन्हा निघालो. पुन्हा धरली. असं तीनदा. त्यात सरळ पोहता येईना. समुद्रात दर पाच-दहा हातांनी डोकं वर काढून पुढचा मोठा फुगा बघायचा असतो, नाहीतर माणूस वाकडा जातो. मला हे माहीत होतं, पण सवय नव्हती. १.९ किलोमीटरऐवजी मी किती पोहलो देव जाणे.

बाहेर आलो तेव्हा एक तास चौदा मिनिटं झाली होती. चार मिनिटं उशीर. वाळूवर एक मुलगी उभी होती, स्वयंसेवक, कॉलेजातली असेल. ती माझ्यापुढं वाकली, घोट्याची चिप काढून घेतली आणि म्हणाली, "सॉरी सर." मला वाटतं त्या दिवशी सगळ्यात अवघड काम तिच्या वाट्याला आलं होतं.

सायकल ठेवायची जागा असते तिथं गेलो. शेकडो सायकली निघून गेलेल्या. माझी सायकल जागच्या जागी, कोरडी. हँडलवर हेल्मेट, शेजारी बूट, त्यात घडी केलेले मोजे, आमच्या घरात केलेले गूळ-शेंगदाण्याचे लाडू. सगळं तयार होतं, तयार नव्हतो तो मीच.

परतीच्या प्रवासात कोणी फार बोललं नाही. आपल्यातलेच दोघं माझ्याबरोबर आले होते. कराडहून रहिमतपूरमार्गे निघालो. कोरेगाव जवळ आल्यावर त्यातला एक जण हळूच म्हणाला, "अण्णा, गेटवर फ्लेक्स लावलाय." मला काही माहीतच नव्हतं. फ्लेक्स ज्यांनी लावला त्यांचा माझ्यावर जीव, त्यांना मी आजही काही म्हणणार नाही. पण रात्री दोन वाजता हॅलोजनच्या उजेडात मी माझाच फोटो बघितला. गॉगल लावून हसतोय. गाडीतून उतरलो आणि दोऱ्या सोडायला लागलो. गाठी निघेनात.

आपले वॉचमन मामा खुर्चीवरून उठले. त्यांनी काही विचारलं नाही. पक्कड आणली, तारा तोडल्या, फ्लेक्सची गुंडाळी केली, खाकेत घेतली आणि म्हणाले, "असू दे. वाया न्हाई जायाचं. ठिवतो पंपरूममधी." सकाळी लोक दूध आणायला बाहेर पडले तेव्हा गेट मोकळं होतं. पण आदल्या दिवशी सगळ्यांनी वाचलेलं होतं. तीन दिवस मी मागच्या गल्लीनं दुकानात गेलो.

चौथ्या दिवशी पी.टी. सर घरी आले. निवृत्त झाले तरी त्यांना आपण सगळे पी.टी. सरच म्हणतो. चहा घेतला आणि विचारलं, "पाण्यात नेमकं काय झालं? पहिल्यापासून सांग." सव्वा वर्षात मला सगळ्यांनी विचारलं की किती नंबर आला, किती वेळ लागला. काय झालं हे विचारणारे सर पहिले. मी सगळं सांगितलं, कठड्याचं सुद्धा. सर म्हणाले, "तू पोहायला शिकलायस, पण लांब पोहायला शिकला नाहीस. ते वेगळं असतं. उद्यापासून तरणतलाव. मी काठावर उभा राहतो."

बायकोचं म्हणणं वेगळं होतं आणि तेही मी इथं सांगणार आहे, तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "परत जायचं असेल तर जा. पण मागच्या वर्षी तुम्ही एकटेच गेलात. दुकान मी उघडलं, आईंना दवाखान्यात मी नेलं, पोरीचा अभ्यास मी घेतला. आणि तुम्ही लोकांना सांगत होतात की मी पहाटे उठतो. तुमच्या आधी पहाटे कोण उठत होतं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय तिनं खाली काढलं. दुधाच्या हिशेबाच्या शेजारी आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. मंगळवार-शुक्रवार पोहणं. रविवारी लांब सायकल. गुरुवारी काहीही नाही, त्या दिवशी दुकान मी उघडायचं आणि संध्याकाळी गणित. जून-जुलैत पेरणीचा हंगाम, दुकानात उसंत नसते, तेव्हा सराव निम्मा. खरं सांगतो, मागच्या वर्षीपेक्षा तास कमी होते आणि काम जास्त झालं.

तरणतलाव साताऱ्यात. पंचवीस मीटरचा, म्हणजे १.९ किलोमीटरला शहात्तर फेऱ्या. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कठड्याला हात लावायचा नाही. भिंत यायच्या आधी वळायचं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, दर सहा हातांनी डोकं वर काढून किती वाजले ते ओरडून सांगायचं. लोक बघायचे. एक जण म्हणाला, "ह्यांना बस गाठायची असेल." मार्चपर्यंत दोन किलोमीटर सलग जमायला लागलं. मे महिन्यात सगळं घर घेऊन तारकर्लीला गेलो. पोरगी वाळूत किल्ला करत होती आणि मी तिच्यासमोर किनाऱ्याला धरून पोहत होतो. भीती गेली असं नाही म्हणणार. भीती आली की करायचं काय ते कळलं. उताणं व्हायचं, वीस श्वास मोजायचे, मग पुढं.

पळण्याचा सराव तर तुमच्या डोळ्यांदेखत झाला. आपल्या आतल्या रस्त्याची एक फेरी सहाशे मीटरची. पस्तीस फेऱ्या म्हणजे एकवीस किलोमीटर. कोपऱ्यावरच्या प्लॉटातल्या आजी ओट्यावर बसून माझ्या फेऱ्या मोजायच्या. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत चिंचोका टाकायच्या. मी म्हणायचो आजी, झाल्या पस्तीस. त्या म्हणायच्या, "चौतीस. मला फसवतोस व्हय?" आजींचं कधी चुकलं नाही. आज त्या समोर बसल्या आहेत. आजी, गोव्याच्या शर्यतीत इलेक्ट्रॉनिक मशीन होतं, पण तुमच्यासारखं कडक नव्हतं.

आपल्या डॉक्टरांनी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट केल्याशिवाय फॉर्म भरू दिला नाही. चाळिशीनंतर पळायला लागणाऱ्या प्रत्येकाला हे हात जोडून सांगतो, आधी तपासणी, मग बूट. सायकल दुरुस्तीवाल्या पोरानं दहा वेळा ट्यूब काढायला आणि घालायला लावली. पाच मिनिटांत जमलं तेव्हा सोडलं. पाणी पहाटे यायचं त्या दिवशी माझी टाकी शेजारचे भरायचे. हे सगळं कुठल्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं नाही, म्हणून आज बोलतोय.

२७ ऑक्टोबर २०२४. पुन्हा मिरामार. ह्या वेळी आई, बायको, पोरगी, पी.टी. सर, सगळे बरोबर. आईनं ह्या वर्षी तिथी बघून घेतली होती, दुसऱ्या दिवशी वसुबारस, तिचं समाधान झालं. फ्लेक्स लावायचा नाही अशी मी मंडळाला हात जोडून विनंती केली होती.

पाण्यात उतरलो. तेच गढूळ पाणी, तीच लाट. दोनशे मीटरवर छातीत धडधड आलीच. उताणा झालो, वीस श्वास मोजले. आकाश दिसत होतं. मग वळलो आणि फुगा बघितला. सहा हात, डोकं वर. सहा हात, डोकं वर. मनातल्या मनात किती वाजले ते ओरडत होतो. एकदाही होडी धरली नाही. बाहेर आलो, अठ्ठावन्न मिनिटं. किनाऱ्यावर सर उभे होते. त्यांनी शिट्टी वाजवली नाही, टाळी वाजवली नाही, नुसतं मनगटावरचं घड्याळ माझ्याकडं करून दाखवलं.

सायकल तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटांत झाली. त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. दुसऱ्याच्या मागं चिकटून वारा अडवून घ्यायचा नाही, ठरलेलं अंतर ठेवायचं, नाहीतर दंड म्हणून थांबवून ठेवतात. चढ आले, पण त्रिपुटीच्या खिंडीनं पाय तयार केले होते. माझ्यापुढचे खूप होते, पण मागचेही होते. आदल्या वर्षी जी सायकल कोरडी उभी होती, तिच्यावर बसून मी पणजीच्या रस्त्यावरून चाललो होतो, एवढ्यावरच माझं मन भरलं होतं.

पळायला लागलो तेव्हा उन्हाचा कडाका वाढत चालला होता. ऑक्टोबर हीट आणि समुद्राकाठची दमट हवा. आपल्याकडचं ऊन भाजतं, तिथलं ऊन उकडतं. अंगातला घाम सुकतच नाही. आठव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले. लाडू तोंडात घातला, गिळवेना. शेजारून पळणाऱ्या नागपूरच्या एका माणसानं मिठाची गोळी दिली, नाव विचारायच्या आत पुढं गेला. मी चालायला लागलो. शंभर पावलं पळायचं, पन्नास चालायचं.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगतोय ते सांगतो.

बाराव्या किलोमीटरच्या आसपास वळणावर आमच्या घरची मंडळी उभी होती. आईनं मला चालताना बघितलं. तिच्या हातात पाण्याची बाटली होती, लिंबू-साखर-मीठ घातलेलं पाणी, घरून येताना लिंबं आणली होती. ती गर्दीतून पुढं आली आणि बाटली माझ्यापुढं धरली. मंडळी, ह्या स्पर्धेचा नियम असा आहे की बाहेरच्या माणसाकडून काहीही घ्यायचं नाही. पाणी, खाणं, आधार, काही नाही. आयोजकांनी जागोजागी टेबलं लावलेली असतात, तिथलंच घ्यायचं. दुसऱ्या स्पर्धकानं दिलं तर चालतं, घरच्यांनी दिलेलं चालत नाही. घेतलं तर बाद.

मी म्हणालो, "आई, घेता येत नाही." तिला ऐकू गेलं नाही की पटलं नाही कोण जाणे. तिनं बाटली आणखी पुढं केली. म्हणाली, "अरे घोटभर घे, तोंड बघ कसं झालंय." बहात्तर वर्षांची बाई, भर उन्हात तीन तास उभी, आणि मी तिच्या हातचं पाणी नाकारतोय. मी दोन्ही हात मागं घेतले. हात पुढं गेला असता तर घेतलीच असती. बायकोनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात काहीतरी सांगितलं. आई एक क्षण थांबली. मग बाटली पदराखाली घेतली आणि म्हणाली, "बरं. मग पळ."

त्यानंतर मी चाललो तेवढा चाललो, पण थांबलो नाही. आणि पळता पळता एक गोष्ट डोक्यात फिरत राहिली. रस्त्यावर उतरल्यावर कोणी काही देऊ शकत नाही. तिथं फक्त हाक मारता येते. जे द्यायचं ते सगळं आधी दिलेलं असतं. सरांनी काठावर दिलेले सहा महिने, आजींचे चिंचोके, शेजाऱ्यांनी भरलेली टाकी, बायकोनं उघडलेलं दुकान, हे सगळं मी अंगात घेऊनच आलो होतो. आईची बाटली घेतली नाही, पण तिनं बेचाळीस-पंचेचाळीस वर्षं पाजलेलं पाणी कोणता पंच काढून घेणार?

मागच्या वर्षी मी ते घेतलंच नव्हतं. एकट्यानं करून दाखवायचं, असं डोक्यात होतं. म्हणून चार मिनिटं कमी पडली. निदान मी तरी तसा हिशेब मांडतो.

आठ तास अकरा मिनिटांत मी शेवटच्या कमानीखालून गेलो. पळायला तीन तास बारा मिनिटं, वेग विचारू नका. त्याच दिवशी लोकसभेच्या एका तरुण खासदारांनीही ही स्पर्धा आठ तास सत्तावीस मिनिटांत पूर्ण केली, म्हणजे माझ्या मागं. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून झालंय, आता तुम्हालाही सांगितलं. गळ्यात पदक पडलं. बाहेर आलो, आईच्या पुढं उकिडवा बसलो आणि ती बाटली मागून घेतली. पाणी गरम झालं होतं. सगळं प्यायलो.

वसुबारसेला संध्याकाळी घरी पोचलो. गेट मोकळं होतं, सांगितल्याप्रमाणं. वॉचमन मामांना पदक दाखवलं. त्यांनी हातात घेऊन वजन बघितलं, परत दिलं आणि म्हणाले, "या, दावतो." पंपरूमच्या मागं नेलं. कंपाउंडच्या कामासाठी आणलेली सिमेंटची पोती रचून ठेवली होती आणि त्यांच्यावर तो फ्लेक्स पांघरलेला. माझं तोंड पोत्याकडं. मामा म्हणाले, "आख्खा पावसाळा काढला. एक पोतं भिजलं न्हाई. म्हणलं व्हतं की, वाया न्हाई जायाचं." चेअरमन साहेब, त्या सिमेंटनं आपली पूर्वेकडची भिंत बांधली गेली. तेव्हा माझ्या पहिल्या स्पर्धेचा सोसायटीला काहीच उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही.

शेवटी दोन-तीन कामाच्या गोष्टी. ह्या खेळाला पैसा लागतो. प्रवेश फीच आपल्या कित्येक वर्षांच्या मेंटेनन्सएवढी होते. तेव्हा कोणी माझं बघून लगेच फॉर्म भरू नका. पळायला मात्र बूट सोडून काही लागत नाही. आणि पोहणं ही हौस नाही, गरज आहे. आपल्या भोवती विहिरी आहेत, शेततळी आहेत, कॅनॉल आहे, आणि दर उन्हाळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून पी.टी. सर आणि मी ठरवलं आहे. येत्या एप्रिलपासून दर रविवारी सकाळी साडेसहाला आपल्या सोसायटीतल्या दहा वर्षांवरच्या मुला-मुलींना तरणतलावावर नेऊ. पालकांपैकी एकानं बरोबर यायचं. मुलींची नावं आधी घेणार, कारण आमच्या काळी विहिरीवर फक्त मुलगेच ढकलले गेले. नावं आजींकडं द्यायची. मोजणी त्यांच्याकडं आहे.

आणि एक विनंती. उद्या आपलं कोणी पोर परीक्षेत, खेळात, नोकरीत मागं राहिलं, तर गेटवर काय लावायचं ते राहू द्या. चौथ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन चहा घ्या आणि विचारा, काय झालं, पहिल्यापासून सांग.